निरोपात काही घालायचं नाही

रविवार, ९ नोव्हेंबर

लिहायला बसण्याचं कारण एकच. आज संध्याकाळी माझ्या ओट्यावर एका स्वेटरवरून भांडण झालं आणि दोन्ही बाजूंनी मला साक्षीला धरलं. मला काही आठवेना. सम्यक काल निघाला तेव्हा स्वेटर अंगात होता की पिशवीत? नाना म्हणतात दिला होता. प्रवीण फोनवर म्हणतो आलाच नाही. मी दोघांच्या मधे फोन धरून उभी. तहसीलमध्ये उभा जन्म गेला, कागदावर नाही ते घडलंच नाही हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा यापुढे या घरात काय आलं, काय गेलं, कोण काय बोललं, सगळं लिहून ठेवायचं.

माहिती एकदाच लिहिते. प्रवीण सेनगावचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. वैशाली डोंगरकड्याची, नानांची मुलगी. सोयरीक मी जमवली. गेल्या ऑगस्टात कोर्टातून फारकत झाली, दोघांच्या संमतीने. मारझोड नाही, दारू नाही. पाच वर्षांपासून दोघांचं बोलणंच बंद. कोर्टाने विचारलं तेव्हा दोघंही म्हणाले, जमत नाही. बस्स. लेकरं आईकडे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बापाकडे जायची, रविवारी संध्याकाळी परत.

माझं घर कशाला? एक तर हिंगोली मधे पडते. दुसरं म्हणजे आपल्याकडे जमवणारा सुटत नाही. लग्नात त्याला मानाचा आहेर, आणि मोडलं की सगळे त्याच्याच दारात. नाना म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमच्या शब्दावर दिली होती. आता लेकरं बी तुमच्याच दारातून जातील-येतील."

दोन्ही बाजूंना एकमेकांचं तोंड बघायचं नाही. नाना लेकरं सोडून गेले की तासाभराने प्रवीण येतो. दुसऱ्या दिवशी तो सोडून गेला की नाना येतात. मधला वेळ लेकरं माझ्यापाशी. तन्वी सहावीत, सम्यक पहिलीत.

आज सम्यकने विचारलं, पप्पा मम्मीबद्दल काही म्हणले का. काहीही म्हणाला नव्हता. मी म्हणाले, तब्येत विचारत होते. सवयीने निघून गेलं. तन्वीने वर पाहिलं. इतकं चालतं.

शनिवार, २२ नोव्हें.

आलं: दोन लेकरं, एक पिशवी, खोकल्याचं औषध अर्धी बाटली, स्वेटर (नवा, अंगावर).

मधल्या तासात पाढे घ्यायचे असं ठरवलं होतं. रिकामं बसलं की मन नको तिथे जातं. सम्यक सातच्या पाढ्यात अडकला आणि रडायला लागला. तन्वी म्हणाली, "त्याला पहिलीत सातचा न्हाई आजी. तुमच्या येळेस असंल." उलट बोलते. पण बरोबर होतं, म्हणून काही बोलले नाही.

नाना जाताना हळूच सांगून गेले होते, सम्यक रात्री उठून दाराची कडी लावलेली आहे का ते बघतो. रोज. तन्वी शाळेत हात वर करायची बंद झाली आहे.

पाढे थांबवले. मग तन्वीनेच विचारलं, सोयरीक जमवतात म्हणजे काय करतात. चला, निदान काहीतरी विचारलं. सांगितलं. पहिला शब्द कधीही तिसऱ्याच्या तोंडून जातो. इकडचं वाईट तिकडे न्यायचं नाही. चांगलं असेल ते थोडं वाढवून न्यायचं, म्हणजे समोरचाही दोन शब्द चांगले बोलतो, मग ते इकडे आणायचे. असं जाता-येता जमतं. दोघंही कान देऊन ऐकत होते. सम्यकचं रडणं केव्हाच थांबलेलं.

हे (आमचे हे) ओट्यावरून म्हणाले, "आता ह्यांचं बी वधू-वर मंडळ काढ."

रविवार, २३ नोव्हें.

प्र. लेकरं घेऊन आला. सोबत सीताफळं, दहा-बारा, पेपरात गुंडाळलेली. म्हणाला, "दोन दिवसांत खराब होतील मॅडम, घरात खाणारं कोणी न्हाई, म्हणून देऊन राहिलो." आणि गेला. आत येतच नाही, फाटकातूनच.

लेकरांना काय सांगितलं ते लिहिते. सांगितलं, मम्मीला आवडतात म्हणून पप्पांनी दिली.

वैशालीला सीताफळ आवडतं हे खरं आहे. लग्नाच्या बोलण्यातही निघालं होतं. प्र.ला ते आठवतं की नाही कोण जाणे.

तन्वी हसली. ऑगस्टपासून मी या मुलीचे दात बघितले नव्हते. पिशवी तिने सम्यकला धरू दिली नाही, स्वतः मांडीवर घेऊन बसली नाना येईपर्यंत.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं?" मी म्हणाले, लेकरू हसलं ना. त्यावर गप्प. यांचं गप्प बसणं मला कधीच उत्तर वाटत नाही.

मंगळवार, २ डिसें.

वै.चा फोन. सहसा करत नाही. इकडचं तिकडचं बोलली. मग: "सीताफळं त्यांनीच पाठवली होती का?" मी म्हणाले, हो. पाठवली होतीच. खोटं काय त्यात?

सम्यक आता झोपतो म्हणे, कडी बघायला उठत नाही. तन्वीच्या बाईंनी निरोप पाठवला, पोरगी परत बोलायला लागली.

मला आनंद व्हायला हवा. झाला. पण फोन ठेवल्यावर भाजीत दोनदा मीठ घातलं.

शनिवार, १३ डिसें.

आलं: लेकरं, पिशवी, बाम.

नाना जय भीम करून निघाले आणि तन्वीने पाटावर बसायचं सोडून समोर खुर्ची ओढली. सम्यक तिच्या शेजारी उभा. हात मागे. आधी ठरवून आले होते, दिसतच होतं.

तन्वी म्हणाली, "आजी, आमच्याकडची एक सोयरीक हाय. जमवता का?"

मला वाटलं कुणी मावशी-बिवशी. विचारलं कुणाची.

"मम्मीची. आणि पप्पाची."

मला बोलू दिलं नाही. तयारी करून आलेली. दोन्ही घरं तुमच्या माहितीतली, चौकशी करायला नको. पोराला धंदा आहे. पोरगी बी.ए. आहे, ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. हॉल लागत नाही. परीक्षा झाल्यावर बैठक धरा. पप्पा तब्येत विचारून राहिलेत, सीताफळं बी पाठवली, म्हणजे तिकडून होकारच समजा. मम्मीनं सीताफळं एकटीनं खाल्ली, कुणाला दिली न्हाईत. इकडूनबी होकार.

सम्यक म्हणाला, "या टायमाला मी बी येणार लग्नाला. मागच्या येळेस मला नेलंच न्हाई."

तन्वी त्याच्यावर हसली. मी हसू शकले नाही.

नाही म्हणायचं होतं. तोंडावर सांगायची सवय आहे मला, मुलाची बाजू असो की मुलीची, कुणाला झुलवत ठेवलं नाही. आणि मी म्हणाले, "बघू. आधी पाणी प्या."

असं का म्हणाले? लिहून कळेल वाटलं होतं. कळत नाही.

रविवार, १४ डिसें.

प्र. फाटकात. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा. म्हणाला, सम्यकने काल दाढी करायला लावली. बैठक आहे म्हणतो. "कशाची बैठक मॅडम?"

मी म्हणाले, लेकराचा खेळ. पुन्हा खोटं. आता तिसऱ्या माणसाला.

बुधवार, १७ डिसें.

वै. आली. एकटी, दुपारच्या एसटीने. चहा नको म्हणाली. काल तन्वीने तिला सांगितलं की आजींनी बघू म्हटलंय, तू नवीन साडी काढून ठेव.

"तुमी लेकरांच्या डोक्यात काय भरवून राहिल्या मॅडम?"

मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. तब्येत विचारली नव्हती. सीताफळं खराब होतील म्हणून दिली होती.

ती रागावेल याची तयारी होती. पण ती म्हणाली, "तीन दिवस मी त्या बिया फेकल्या न्हाईत. खिडकीत वाळत घातल्या."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

नंतर आवाज चढला. "तवाबी असंच सांगितलं होतं. पोराला वाचायची लई आवड हाय म्हणून. मी आठ वर्षं वाट पाहिली, मोबाईलच्या खोक्यावरचंबी वाचलं न्हाई त्यानं."

त्या वेळी तो वाचत होता. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपत होता, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ द्या.

ठरलं असं: लेकरांना खरं मी सांगायचं. "तुमी घातलं, तुमीच काढा."

बसपर्यंत पोचवायला गेले. स्टँडवर तिने माझा हात धरला की बसचा दांडा धरताना लागला, समजलं नाही.

शुक्रवार, २६ डिसें.

उद्या सांगायचं. कसं? काढून घेतल्यावर हातात काय द्यायचं? ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुला नेहमी काहीतरी द्यायचंच असतं काहून?"

नवरा म्हणून ऐकून घेतलं.

शनिवार, २७ डिसें.

सांगितलं. नाना फाटकाबाहेर गेल्याबरोबर, पाणीसुद्धा न देता. उशीर केला तर पुन्हा बघू म्हणेन अशी भीती होती.

सोयरीक परत जमणार नाही. आई-वडिलांनी ठरवून फारकत घेतली आहे. मी तुम्हाला जे सांगितलं त्यातलं काही मी माझ्या मनाने घातलं होतं.

तन्वीने एकेक विचारायला घेतलं. चिडून नाही, कोर्टात विचारतात तसं.

"तब्येत विचारली ते?"

नाही विचारली.

"सीताफळं?"

दिली, ते खरं. आवडतात म्हणून दिली, ते मी घातलं.

सम्यक मधेच, "मंग मम्मीला सीताफळ आवडत न्हाई का?" आवडतं बाळा. ते खरं आहे. तो गोंधळला. मीही.

तन्वी: "मंग खरं काय काय हाय?"

मला आठवून आठवून सांगावं लागलं. पप्पा लेकरं सोडून गेल्यावर कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी थांबतात, नानांची रिक्षा गेली की मगच सेनगावची जीप धरतात. मम्मी पिशवीत बाम घालते कारण सेनगावच्या घरात पत्रे आहेत, गारठा असतो. पप्पांनी भाकरी थापायला शिकून घेतलं.

"हे तर आमच्यासाठी झालं," तन्वी म्हणाली. "त्यांनी एकमेकांसाठी काय केलं?"

मी खूप शोधलं. शेवटी म्हणाले, काही नाही.

प्र. आला तर तन्वी येत न्हाई म्हणाली, मोरीत जाऊन कडी लावून घेतली. सम्यक एकटा गेला, फाटकापर्यंत मागे बघत. प्र.ने मला विचारलं, काय झालं. मी त्यालाही सगळं सांगितलं, सीताफळांपासून. त्याने मान खाली घातली. एवढंच म्हणाला, "तिला ती आवडतात, मला ठाऊक होतं. पण म्हणून दिली नव्हती." आणि लेकराला घेऊन गेला.

हे आत जाऊन तन्वीला सांगायचं की नाही? सांगितलं तर खरंच आहे. पण त्याचं ती काय करेल? नाही सांगितलं. डोंगरकड्याला फोन करून कळवलं, तन्वी माझ्याकडे राहील.

रविवार, २८ डिसें.

तन्वी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ह्यांच्यासोबत ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली. ह्यांनी तिला विचारलं, "तुझी आजी लई कडक हाय की थोडी?" ती म्हणाली, "खोटं बोलायला नरम हाय." हे इतके हसले की ठसका लागला. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. ऐकू यावं म्हणूनच बोलत होती.

संध्याकाळी प्र. आला. आज पहिल्यांदा फाटक उघडून आत, चपला काढून. तन्वीसमोर बसला. मी आत निघून आले, पण दार लोटलं नाही.

तिने सरळ विचारलं. "पप्पा, मम्मीला काही सांगायचं हाय का? असंल तर मला सांगा. मी नेते."

सम्यक ह्यांच्या काठीशी खेळत होता, तिचा आवाज तेवढा.

"न्हाई बेटा. तिला सांगायला माझ्यापाशी काही उरलं न्हाई. तुला सांगायचं हाय. काल तू यायची म्हणून मी दोन भाकरी जास्त टाकल्या होत्या."

"जळल्या असतील."

"एकच."

ती उठून गेली नाही. तो निघाला तेव्हा फाटकापर्यंत गेली. परत आली ती डोळे पुसत, पण तोंड घट्ट मिटलेलं. मी टॉवेल दिला. घेतला.

गुरुवार, ८ जाने.

वै.चा फोन. सम्यक पुन्हा कडी बघायला उठतो. तन्वीने तिलाही तोच प्रश्न विचारला, पप्पाला काही सांगायचं का. ती काही नाही म्हणाली. त्यावर तन्वीने नानांना सांगितलं, "दोघंबी सारखंच म्हणून राहिलेत."

वै. शेवटी म्हणाली, "तुमचं खोटंच बरं होतं मॅडम. लेकरू झोपत तरी होतं."

मी म्हणाले, तुझ्या बियांचं काय केलंस? तिने फोन ठेवला. असं विचारायला नको होतं. पण मग कसं बोलायला हवं होतं, तेही सुचत नाही. खोटं बोलून लेकरू झोपतं आणि खरं बोलून उठतं, यात माझं शिक्षण कुठे कामाला येतं?

शनिवार, १० जाने.

आलं: लेकरं, पिशवी, बाम नवीन.

तन्वी बोलली. आपण होऊन. तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन रविवारी, १८ तारखेला. लेझीम आहे, ती पहिल्या रांगेत. सम्यकला झाड केलंय, त्याला बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. तो म्हणाला, "मी हलणारं झाड हाय."

तिला दोघं हवेत. बैठक नाही, सोयरीक नाही, तिने स्वतःच स्पष्ट केलं. फक्त दोघांनी बघायला यायचं.

"जवळ जवळ न्हाई बसवायचं. एक पोरींच्या बाजूला, एक पोरांच्या. मी सरांना विचारलं. चालतंय म्हणले."

मी म्हणाले, मग तूच दोघांना सांग. तर म्हणाली, "मी सांगितलं तर माझ्या तोंडाकडं बघून हो म्हणतील, आणि मंग येणार न्हाईत. तुमी सांगा. दोघांना एकसारखं. काही घालायचं न्हाई आणि ते जे म्हणतील तेच आणायचं."

मी म्हणाले, आणि ते नाही म्हणाले तर?

"तर न्हाई आणा."

सम्यकने विचारलं, न्हाई म्हणले तर झाड होऊ का नको. ती त्याला म्हणाली, तू झाड व्हायचंच, नाना हायेत, आजी हायेत. मी येणार हे मला तेव्हा कळलं.

प्र. आला. तिच्यासमोरच सांगितलं: १८ तारखेला शाळेत स्नेहसंमेलन, तन्वीचं लेझीम, सम्यक झाड. वैशालीलाही हाच निरोप जाणार आहे. बसायला वेगवेगळं आहे. एवढंच. तो म्हणाला, उद्या सांगतो. लेकरं त्याच्यासोबत गेली, दोघंही.

वै.ला फोनवर तेच सांगितलं. शब्द न शब्द. ती म्हणाली, "सांगते." मी हो म्हणाले आणि ठेवला. दुसरी कुणी असती तर मी दहा मिनिटं समजावलं असतं. जीभ दातांखाली धरून बसले.

रविवार, ११ जाने.

प्र. संध्याकाळी आला. आत आला नाही, फाटकातच. लेकरं आत गेल्यावर म्हणाला, "मॅडम, रविवारी दुकानात गर्दी असते. बघतो."

मी विचारलं, बघतो म्हणजे?

"बघतो."

कोपऱ्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला. वाटलं आणखी काही बोलेल. गेला.

तन्वी उंबऱ्यात उभी होती. मी सांगितलं, बघतो म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मागे आणखी काही लपवलंय का ते शोधत. मी तोंड तसंच ठेवलं. मग तिने सम्यकच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं ओट्यावर गेली. त्याला हात पसरून उभं राहायला शिकवत होती. तो हलत होता. ती म्हणाली, इतकं न्हाई, वारं कमी हाय.

नाना आले. त्यांनाही तेच सांगितलं. म्हणाले, "म्हंजे येतो का न्हाई?" मी म्हणाले, एवढंच म्हणाला. नानांना ते पटलं नाही. मॅडम कधी एवढ्यावर सोडत नव्हत्या, असं काहीतरी पुटपुटले. वैशालीचं काय, मी विचारलं. अजून काही बोलली न्हाई, सकाळपासून तन्वीची लेझीमची साडी इस्त्री करून राहिली, म्हणाले.

नानांच्या हाती दिलं:
लेकरं दोन.
पिशवी एक. त्यात धुतलेले कपडे, बाम, सम्यकचा एक पायमोजा (दुसरा सेनगावला).
प्र.ने करून दिलेल्या भाकरी चार, फडक्यात. लेकरांसाठी.
निरोप एक: बघतो.